काखेत कळसा, पण कळसा म्हणजे काय?

गोष्ट एप्रिल महिन्यातली आहे. लिहायला आत्ता मुहूर्त लागतोय, कारण मधल्या काळात ती आमच्या ऑफिसातून निघून गावाकडच्या विहिरीपर्यंत जाऊन आली. सांगतो सगळं, जरा दम धरा.

तर झालं असं, की आमच्या एका सर्व्हिसला प्रॉडक्शनवर टाइमआउट येत होते. दिवसातून चार-पाच वेळा, कधीही, काही नेम नाही. माझ्या मशीनवर मात्र सगळं गुण्यागोविंदानं चालू. सोमवारी मी लॉग वाचले. मंगळवारी डेटाबेसवाल्यांच्या मागे लागलो. बुधवारी नेटवर्कवाल्यांना कॉलवर घेतलं, त्यांनी आपली नेहमीची 'आमच्याकडून सगळं ग्रीन आहे' ही आरती म्हटली. गुरुवारी सकाळी मी एका लायब्ररीचा सोर्स कोड उघडून बसलो, म्हणजे दोष तिसऱ्याच देशातल्या कुणाच्या तरी माथी मारायची तयारी. आणि गुरुवारी रात्री साडेअकराला लक्षात आलं, की टाइमआउटचा आकडा दोन आठवड्यांपूर्वी मीच टेस्टिंगसाठी तीस सेकंदांवरून तीनवर आणला होता. माझीच फाइल, माझाच कमिट, त्यावर माझंच नाव. चारही दिवस ती फाइल एडिटरमध्ये शेजारच्या टॅबला उघडी होती!

दुसऱ्या दिवशी सकाळी गावी फोन केला तेव्हा आजीला हे सांगितलं. सॉफ्टवेअर म्हणजे काय हे तिला मी गेली सहा वर्षं सांगतोय, आणि ती दर वेळी 'व्हय का' म्हणते. पण ह्या वेळी तिला बरोबर कळलं.

"म्हंजी काखंत कळसा न् गावाला वळसा," ती म्हणाली, आणि वर खो खो हसली.

झोंबलं. पण म्हण एकदम चपखल बसली, त्यामुळे दुपारी जेवताना मी ती टीममध्येही सांगितली. आमच्या टेबलावर एक हैदराबादची, एक हुबळीचा आणि एक कानपूरचा, असा राष्ट्रीय एकात्मतेचा मामला असतो. कानपूरवाला लगेच म्हणाला, आमच्याकडे 'बगल में छोरा, शहर में ढिंढोरा'. हैदराबादवाली म्हणाली, तेलुगूतही मूलच आहे, काखेत पोर घेऊन गावभर त्यालाच शोधायचं. हुबळीवाल्याचं वेगळंच. त्यांच्याकडे तळहातावर लोणी ठेवून तुपासाठी गावभर हिंडतात. तमिळमध्येही लोणी-तुपाचीच म्हण आहे म्हणे. मग मी घरी जाऊन जालावर शोधलं, तर चिनी लोक गाढवावर बसून गाढव शोधतात. आपला मुल्ला नसरुद्दीन गाढवं मोजताना स्वतः बसलेला ते मोजायचं विसरतो, त्यातलाच प्रकार.

इथवर मजा होती. मग हैदराबादवालीनं विचारलं, "तुमच्या म्हणीतला कळसा म्हणजे काय?"

मी छातीठोकपणे सांगितलं, "देवळाच्या शिखरावर असतो ना, तो."

ती दोन घास शांतपणे जेवली आणि म्हणाली, "पण देवळाचा कळस कोणी काखेत कशाला धरेल?"

आता बोला! शाळेपासून ही म्हण वापरतोय. दहावीला 'म्हणीचा अर्थ लिहा' मध्ये दोन मार्क घेतलेत. आणि आयुष्यात एकदाही मनात आलं नाही, की हा कोण येडा देवळाचा कळस काढून बगलेत मारून गावभर फिरतोय. मंडळी, खरं सांगा, तुमच्यापैकी किती जणांच्या डोळ्यांसमोर देवळाचाच कळस होता?

असो. तर कळसा म्हणजे पाणी भरायचं धातूचं भांडं. धाकटी ती कळशी, मोठा तो कळसा. मूळ संस्कृत शब्द कलश. त्याच कलशाचा देवळावर चढलेला तो कळस, आणि पाणवठ्यावर गेलेला तो कळसा. म्हणजे मी अगदीच चुकलो नव्हतो, भाऊ ओळखण्यात गफलत झाली होती इतकंच. वळसा आला 'वळणे' वरून. काख आली संस्कृत 'कक्ष' वरून, आणि ग्रह फिरतात ती कक्षासुद्धा त्याच घरातली. म्हणजे बगल आणि प्रदक्षिणा ह्यांचं नातं भाषेत आधीपासूनच आहे. :)

भांडं कळसाच का, घागर किंवा हंडा का नाही, तर माझ्या मते सरळ यमकासाठी. वळसा म्हटल्यावर जोडीला कळसाच येणार. आपल्या म्हणींचं निम्मं आयुष्य यमकावर निघतं.

पण मला सगळ्यात गंमत वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. म्हण नीट वाचा. तिच्यात 'शोध' हा शब्दच नाही! भांडं काखेत आहे आणि गावाला फेरा आहे, बस. ती बाई काय शोधतेय, का फिरतेय, हे म्हणीनं सांगितलेलंच नाही. ते आपण आपल्या पदरचं घालतो. का घालतो? तर प्रत्येकानं एकदा तरी डोळ्यांवर चष्मा ठेवून चष्मा शोधलेला असतो.

इंजिनियर माणूस गप्प बसत नाही, वर्गवारी करायला घेतो. मी वहीत वायफळ शोधांचे चार प्रकार लिहिले.

पहिला, वस्तू मुळात नाहीच. मृगजळ, सशाचं शिंग.

दुसरा, वस्तू आहे, पण सापडणं दुरापास्त. गवताच्या गंजीतली सुई.

तिसरा, वस्तू सापडते, पण एवढ्या खटाटोपाच्या लायकीची नसते. डोंगर पोखरून उंदीर.

चौथा, वस्तू आपल्यापाशीच आहे. कळसा.

बग शोधताना सगळ्यात वाईट काय होतं, तर आपण चौथ्या प्रकारात असतो आणि आपल्याला वाटतं आपण दुसऱ्यात आहोत. त्यामुळे आपण गंजी उपसत राहतो. आणि गंजी उपसताना घाम येतो, दमायला होतं, त्यामुळे काम चाललंय असंही वाटतं. मीटिंगमध्ये सांगायला भरपूर असतं. हे वाक्य मी एप्रिलमध्ये स्वतःला टोमणा म्हणून लिहिलं होतं. मे महिन्यात गावी गेलो आणि ते भलतीकडेच जाऊन लागलं.

आमचं गाव पारनेर तालुक्यात. अहमदनगर जिल्हा (आता अहिल्यानगर, पण तोंडात अजून नगरच येतं) म्हणजे खरं तर दोन जिल्हे आहेत. उत्तरेला प्रवरेवर १९२६ साली पुरं झालेलं भंडारदरा धरण, त्याचे कालवे, ऊस, साखर कारखाने. दक्षिणेला आम्ही. सह्याद्रीत कोसळून झाल्यावर ढगांत जे उरतं ते आमच्या वाट्याला येतं. आजीचं माहेर श्रीरामपूरकडचं, कालव्याखालचं. तिच्या बापानं तिला पारनेर तालुक्यात का दिली, ह्यावर ती अजून बोलते. वडील जाऊन चाळीस वर्षं झाली तरी.

आमची चार एकर, त्यात डाळिंबाची तीनशे झाडं. पाणी नाही. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, गेल्या नऊ वर्षांत तीन बोअर घेतले. पहिला २२० फूट. त्याला इंचभर पाणी लागलं, दोन वर्षं चाललं आणि आटलं. दुसरा ३१० फूट, कोरडा. तिसरा गेल्या वर्षी ३८० फूट, त्यातून नुसता धुरळा. शेतीसाठी ६० मीटरच्या, म्हणजे साधारण २०० फुटांच्या खाली जाऊ नये असा आपल्या राज्यात भूजलाचा कायदा आहे. तो आम्ही पहिल्याच बोअरला ओलांडला, हेही कबूल करतो. केसिंग, मोटर, पाइप धरून अडीच लाखाच्या वर गेले. तिसऱ्याचे पैसे माझ्या बोनसमधून गेले.

आणि मे महिन्यात अण्णांना चौथा घ्यायचा होता. ह्या वेळी पाचशे फूट. त्यासाठी मी पर्सनल लोन काढावं अशी त्यांची इच्छा होती. इच्छा म्हणजे, आईच्या तोंडून माझ्यापर्यंत आलेली.

मी गेलो त्याच दिवशी सकाळी पाणाड्या आला होता. तळहातावर नारळ आडवा ठेवून तो रानातून चालला होता, मागं अण्णा अनवाणी. लिंबाखाली नारळ उभा राहिला. अण्णांच्या चेहऱ्यावर जे काही दिसलं ते पाहून मला बोलवेना. आम्ही मागच्या दोन बोअरच्या वेळीही असाच उभा राहिलेला नारळ पाहिला होता.

आमच्याकडचा खडक काळा बेसाल्ट, लाव्हाचे थरावर थर. पाणी धरतो तो वरचा मुरूम आणि फुटका खडक. खालच्या अखंड कातळात पाणी असतं ते फक्त भेगांत आणि दोन थरांच्या सांध्यात. भेग लागली तर पाणी, नाही तर फुफाटा. पाचशे फुटांवर भेग आहे का, हे नारळाला कळत नाही. म्हणजे पहिल्या प्रकारचा शोध आम्हाला दुसऱ्या प्रकारचा म्हणून विकला जात होता. हे सगळं मला माहीत होतं. पण बापाला हे कसं सांगायचं, ते कॉलेजात शिकवत नाहीत.

दुपारी आजी पडवीत बसली होती. मी सहज विचारलं, "आजी, आपल्याकडं कळसा हाय का गं?"

"हाय की. माळ्यावर असंल."

माळ्यावर चढलो. जुनं खोरं, पाटी, फुटका कंदील, आणि मागं काळा पडलेला तांब्याचा कळसा. चिंच लावून घासला तेव्हा काठावर अक्षरं दिसली. आजीच्या वडिलांचं नाव घातलेलं होतं. लग्नात दिलेला. आजीनं तो हातात घेतला, उठून उभी राहिली आणि इतक्या सहज काखेत मारला, की माझ्या डोळ्यांदेखत ती चौऱ्याहत्तरची पंचवीस वर्षांची झाली. डावा हात भांड्याच्या गळ्याभोवती, बूड कमरेवर टेकलेलं. हात आपोआप बसला. तिनं बघितलंसुद्धा नाही.

"बाहात्तरला ह्योच होता," ती म्हणाली.

१९७२चा दुष्काळ आमच्याकडे वेगळ्या सनावळीसारखा आहे, त्याच्या आधीचं आणि त्याच्या नंतरचं. आजी तेव्हा एकवीस वर्षांची. दिवसभर सरकारी कामावर खडी फोडायची, गावाच्या वरच्या अंगाला पाझर तलावाची माती वाहायची. खायला मिलो, म्हणजे अमेरिकेहून आलेली लाल ज्वारी. आणि कामावरून आलं की पाण्याला, दीड कोसावर.

"एका काखंत तुझा बाप, दुसऱ्या काखंत ह्यो. तुझा बाप वरीसभराचा व्हता."

म्हणजे हिंदी, तेलुगू आणि मराठी अशा तिन्ही म्हणी आमच्या आजीनं एकाच वेळी काखेत वागवल्या होत्या. मला हसूही आलं आणि घशाशी काहीतरी आलंही.

मी विचारलं, "मग आजी, कळसा काखंत असून बाई इसरंल कशी गं?"

तिनं माझ्याकडे असं बघितलं, की ह्याला एवढंही कळत नाही आणि कंपनी ह्याला पगार देते.

"आरं, भरल्याला कोण इसरतंय? भरला कळसा हाडं मोडतोय. रिकामाच इसरतो."

हे ऐकून मी गपकन बसलो. खरंच की! म्हणीतला कळसा रिकामा असणार. भरलेल्या भांड्याचं वजन दर पावलाला सांगतं, की मी इथं आहे. रिकामं भांडं रोजच्या सवयीचं होतं, अंगाचा भाग होतं, आणि मग दिसेनासं होतं. म्हणजे ती बाई मूर्ख नाहीये, सवयीची आहे. आणि तिचं पाणी अजून भरायचंच आहे. कळसा सापडला म्हणून काम संपत नाही, तिथून पुढं पाणवठ्यापर्यंत चालायचंय.

तेवढ्यात अण्णा आले. कळसा बघून म्हणाले, "ह्यो कशाला काढला?" आजीनं उत्तर दिलं नाही. कुणाकडेही न बघता ती फक्त म्हणाली, "काखंत कळसा न् गावाला वळसा." अण्णांनी कपाळावर हात फिरवून बघितला, चष्मा वर सरकवलाय का ते बघायला. :) आजी त्याबद्दल बोलत नव्हती.

आता मला विहिरीबद्दल सांगावं लागेल. ते टाळत होतो.

आमच्या रानाच्या कोपऱ्यात पणजोबांची विहीर आहे. सात परस खोल, अर्धी बांधलेली. पाझर तलावाच्या बरोबर खालच्या अंगाला. माझ्या लहानपणी ती मेमध्येही उघडी पडत नसे. ती अण्णा आणि नाना, म्हणजे माझे धाकटे चुलते, दोघांच्या सामाईकीत. २०११ साली वाटणी झाली, आणि त्याच उन्हाळ्यात एका रात्री मोटारीच्या पाळीवरून दोघांत वाजलं. काय वाजलं ते मला नीट माहीत नाही, मी चौदा वर्षांचा होतो. एवढंच आठवतं, की नानांची बॅटरी विहिरीच्या काठावर पडून राहिली होती आणि सकाळपर्यंत जळत होती. तेव्हापासून दोघं बोलत नाहीत. विहीर सामाईक, म्हणजे कुणाचीच नाही. एका बाजूची दरड ढासळली, गाळ भरत गेला, आत बाभळ उगवली. नानांनी त्यांच्या रानात दोन बोअर घेतले, आम्ही तीन. दोन भावांत मिळून पाच भोकं, सगळी कोरडी, आणि मधोमध विहीर.

गाळ काढायचा विषय कुणी कधी काढला नाही, कारण त्यासाठी आधी बोलावं लागलं असतं. पाचशे फूट कातळ फोडणं सोपं होतं, त्याला फक्त पैसे लागत होते.

मला वाटतं म्हणीतली खरी मेख इथं आहे. आपण समजतो की माणूस काखेत बघायला विसरतो. बऱ्याचदा तो विसरत नाही. त्याला आतून माहीत असतं. पण काखेत बघायचं तर हात वर करावा लागतो. माझ्या बगचंही तेच झालं होतं. त्या फाइलकडे माझी नजर दोनदा गेली होती, आणि दोन्ही वेळा 'ती तर मीच लिहिलीय' म्हणून मी पुढं गेलो होतो. वळसा लांबचा असतो, पण त्यात लाज नसते.

हे काही मी नवीन शोधलेलं नाही. आमच्या तालुक्यातच राळेगणसिद्धी आहे. १९७५ साली अण्णा हजारे लष्करातून परत आले आणि गावात पडणारं पाणी गावातच अडवायच्या कामाला लागले. शेजारच्या नगर तालुक्यात हिवरे बाजार आहे. पाऊस सरासरी ४०० मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे आजूबाजूच्या गावांइतकाच. १९७२ नंतर हे गाव असंच उठून गेलं होतं, लोक मजुरीला बाहेर. १९८९ साली पोपटराव पवार बिनविरोध सरपंच झाले, त्यांना पुढे २०२० साली पद्मश्री मिळाली. डोंगरावर समतल चर, बांध, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी, श्रमदान हे सगळं आपण पेपरात वाचलेलं असतं. पण मला त्यातल्या दोन गोष्टी कळसा हातात घेतल्यावर पहिल्यांदा नीट कळल्या. एक, त्यांनी शेतीसाठी बोअर घ्यायलाच बंदी केली. म्हणजे वळसा बंद. दुसरी, दर वर्षी पावसाळा संपला की ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडतात. किती पडलं, किती मुरलं, प्यायला किती, जनावरांना किती, आणि उरलं त्यात कुठलं पीक बसतं. ऊस-केळी बसतच नाहीत, म्हणून घेत नाहीत. म्हणजे काखेतला कळसा काढून तो किती भरलाय ते सगळ्यांसमोर मोजायचं. ह्यात अवघड काय? 'सगळ्यांसमोर' हेच अवघड.

मी काही पोपटराव नाही. गावाचं सोडा, मला दोन माणसं एका जागी आणायची होती, आणि त्यातला एक माझा बाप.

संध्याकाळी नानांकडे गेलो. दोन्ही घरांची भिंत एकच आहे. तिकडं टीव्ही लावला की इकडं ऐकू येतो. चहा झाला. मी विहिरीचं काढलं. नाना बराच वेळ गप्प, मग म्हणाले, "दादा बोलला तर मी नाही म्हनतो का?"

इकडं येऊन अण्णांना सांगितलं. ते म्हणाले, "तो धाकटा हाय. त्यानं यावं."

पुढचे पंधरा दिवस जो प्रकार झाला तो तुम्हाला खोटा वाटेल. मी पुण्याला परतलो. नाना मला पुण्याला फोन करायचे, की यारीवाला दिवसाचे इतके मागतोय, दादाला विचार. मी पुण्याहून अण्णांना फोन करायचो. अण्णा म्हणायचे, त्याला सांग डिझेल आपलं धरलंय का ते विचार. मी परत नानांना. एका भिंतीच्या अलीकडचा माणूस पलीकडच्याशी ऐंशी किलोमीटरवरून बोलत होता, आणि टॉवर मी! गावालाच काय, जिल्ह्याला वळसा. एकदा तर मी फोनवर नानांचा निरोप अण्णांना सांगत होतो आणि अण्णाच म्हणाले, "व्हय, ऐकू आलं मला, तो वट्ट्यावरच बोलतोय."

चौथ्या बोअरचे पैसे मी दिले नाहीत. 'देत नाही' असं स्पष्ट म्हणायचं धाडस मला झालं नाही, हेही लिहून ठेवतो. मी म्हणालो, लोनला वेळ लागतोय, तोवर यारी लावून बघू. म्हणजे मीही वळसाच घातला.

मेच्या शेवटच्या आठवड्यात यारी लागली. नऊ दिवस गाळ निघाला. साडेअकरा फूट. दोन्ही घरांनी तो आपापल्या रानात टाकला, त्यावरून पुन्हा थोडं वाजलं. सहाव्या दिवशी मी शनिवारी गेलो होतो. खाली उतरलेल्या माणसानं आवाज दिला, की वरच्या अंगाच्या झऱ्याचं तोंड मोकळं झालंय. अण्णा एका काठाला उभे, नाना समोरच्या. दोघंही खाली बघत होते. नाना म्हणाले, "बा म्हनायचा तोच झरा ह्यो." कुणाला म्हणाले माहीत नाही. अण्णा म्हणाले, "हां."

चौदा वर्षांनी एवढंच. मला वाटलं होतं काहीतरी मोठं होईल. काही झालं नाही.

पाणी किती लागलं? सकाळी बघितलं तर चार फूट. नदी फुटली नाही. दोन्ही घरांनी पाळीपाळीनं रोज तासभर मोटर चालवली, ठिबकवर. आमची तीनशेपैकी साठ-सत्तर झाडं तोवर गेलीच होती. बाकीची पाऊस येईपर्यंत तगली. हुबळीवाल्याची म्हण मला तेव्हा पटली. आमच्या हातात तूप नव्हतंच, लोणी होतं. लोणी हातात आहे एवढं कळून भागत नाही, चूल पेटवून ते कढवावं लागतं.

अण्णा आणि नाना आता बोलतात, पण फक्त पाळीचं. "झाली का?" "झाली." बाकी सगळं अजूनही माझ्या फोनवरून जातं. आणि वरचा पाझर तलाव, आजीनं माती वाहिलेला, तोही गाळानं भरलाय. आमची विहीर त्याच्यावरच जगते. तो दोन भावांचा नाही, अख्ख्या गावाचा आहे, म्हणजे तिथं किती भिंती आणि किती फोन ते तुम्हीच बघा. येत्या ग्रामसभेत विषय काढा असं मी अण्णांना सांगितलंय. ते म्हणाले, "तूच ये न् काढ." येतो म्हणालोय. बघू.

कळसा पुन्हा माळ्यावर गेलेला नाही. आजीनं तो पडवीत ठेवलाय, त्यात सकाळी पाणी भरून ठेवते. मी म्हटलं, "आजी, नळ हाय की." तर म्हणाली, "ऱ्हाऊ दे भरलेला. म्हंजी इसरायचा न्हाय."

ऑफिसात हैदराबादवालीला मी नंतर सांगितलं, की कळसा म्हणजे पाण्याचं भांडं. ती म्हणाली, "एवढं सांगायला तीन महिने लागले?"

काय सांगू तिला, जरा वळसा पडला. :)

चला, रविवार संपला. उद्या सकाळी साडेनऊला स्टँडअप आहे.